लशीची वार्ता आणि तिचे आधार

शास्त्रीय विषयावरील वार्ता चुकली की तिचे खापर सामान्यतः वार्ताहराच्या अज्ञानावर फोडले जाते. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरील संयुक्त लशीसंबंधी १९९८ नंतर ब्रिटनमध्ये जे काहूर उठले, त्याचेही स्पष्टीकरण पुष्कळांनी असेच दिले आहे. ते अपुरे आहे. वार्ताहरांना वैद्यक कळत नव्हते हे मान्य केले तरी त्यांनी कोणत्या आधारावर विसंबून लिहिले आणि कोणता आधार हाताशी असून उघडला नाही, हा प्रश्न उरतोच. आणि प्रस्तुत प्रकरणात तोच निर्णायक आहे.

अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांचे बारा सहकारी यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या २८ फेब्रुवारी १९९८ च्या अंकात प्रसिद्ध झाला. तपासलेली मुले अवघी १२. त्यांपैकी ८ मुलांच्या वर्तनातील बिघाड लस टोचल्यानंतर सुरू झाला, असे पालकांनी वा त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याची नोंद त्यात होती. परंतु लस आणि हा विकार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही त्याच लेखात स्पष्टपणे लिहिले होते. शिवाय त्याच अंकात अमेरिकेतील दोन तज्ज्ञांची टिप्पणी होती व तीत या निरीक्षणांच्या मर्यादा दाखविल्या होत्या. तेव्हा अंक उघडणाऱ्यास संशय आणि संशयाला घालावयाची वेसण ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळत होती.

वार्ता मात्र अंकातून निघालीच नाही. ती निघाली २६ फेब्रुवारीच्या पत्रकार परिषदेतून. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात ही परिषद भरविण्यात आली. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी एक चित्रफीतही तयार ठेवली होती. तेथे वेकफील्ड यांनी संयुक्त लशीऐवजी तिन्ही लशी स्वतंत्रपणे टोचाव्यात असे सुचविले. ही शिफारस लेखात कोठेही नव्हती आणि व्यासपीठावरील इतर डॉक्टरांनाही ती सरसकट मान्य नव्हती. म्हणजे परीक्षकांच्या नजरेखालून गेलेला मजकूर एक, आणि घरोघर पोचला तो दुसरा. पण दुसऱ्याला पहिल्याची प्रतिष्ठा फुकट मिळाली. नियतकालिकाचे नाव पुढे करून वक्त्याचे मत छापणे हा या वार्तांचा मूळ दोष होय. तो टाळण्यास वैद्यकाचे ज्ञान लागत नव्हते, वाचण्याचे कष्ट तेवढे लागत होते.

दुसरा आधार पालकांचा. दक्षिण वेल्समधील स्वान्सी येथील एका स्थानिक दैनिकाने १९९७ मध्येच, म्हणजे लेखाच्या आधी, पालकांच्या कहाण्या छापून या लशीविरुद्ध मोहीम चालविली होती. त्या पत्राच्या प्रसारक्षेत्रात लस घेण्याचे प्रमाण १३.६ टक्क्यांनी घटले. उर्वरित वेल्समध्ये ही घट २.४ टक्के होती. पुढे २०१२-१३ मध्ये स्वान्सी परिसरात गोवराची मोठी साथ आली. बालपणी लस न मिळालेली, आता शाळेत जाणारी मुले तीत प्रामुख्याने सापडली.

पालकांची व्यथा खोटी नव्हती. तिच्यासमोर सरकारी तज्ज्ञाचे एक कोरडे वाक्य ठेवून 'दोन्ही बाजू दिल्या' असे समाधान मानणे हे मात्र खोटे होते. २००२ मधील वार्तांकनाचा व त्यावेळच्या लोकमताचा अभ्यास कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी केला, तेव्हा असे दिसून आले की निम्म्याहून अधिक लोकांना दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच वाटत होता. कारण दोहोंना वृत्तपत्रांत जागा सारखी मिळत होती! त्याच वर्षी डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या नोंदींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात लशीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. बारांना पाच लाखांच्या तोलाचे मानणे याला समतोल म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये २००३-०४ पर्यंत लस घेण्याचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आले होते.

या भ्रमाचा उलगडाही अखेर एका पत्रकारानेच केला, हे विसरता येत नाही. 'संडे टाइम्स'चे ब्रायन डीअर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये असे उघडकीस आणले की, लस उत्पादकांविरुद्ध दावा उभा करणाऱ्या वकिलांमार्फत वेकफील्ड यांना पैसा मिळत होता आणि अभ्यासातील काही मुले त्याच वकिलांची अशिले होती. येथे लक्षणीय गोष्ट ही की, डीअर यांनीही आरंभ एका आईच्या मुलाखतीपासूनच केला. तिने सांगितलेला घटनाक्रम लेखातील कोणत्याही मुलाशी जुळेना. तेथून ते कागदपत्रांकडे वळले. आधार तोच होता, त्याचा उपयोग निराळा होता. इतरांनी आईच्या शब्दावर वार्तेचा शेवट केला. डीअर यांनी त्या शब्दाला दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहिले.

तथापि लेख वाचला असता म्हणजे सारे साधले असते, असेही नव्हे. 'लॅन्सेट'ने तो पूर्णतः मागे घेतला २ फेब्रुवारी २०१० रोजी, बारा वर्षांनी; त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. लेखातील सावध वाक्य वाचणारा वार्ताहर अतिशयोक्तीपासून वाचला असता, पण मुलांची माहितीच बदलून मांडली आहे हे त्याला त्या पानांतून कळणे शक्य नव्हते. ते कळण्यास मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी लागल्या, आणि त्या नोंदी २००७ साली सुरू झालेल्या वैद्यकीय परिषदेच्या चौकशीत वाचल्या गेल्या.