स्वदेशी काच आणि कंदिलाचा उजेड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील काचउद्योगाचा इतिहास सामान्यतः स्वदेशी चळवळीची यशोगाथा म्हणून सांगितला जातो. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे कारागीर घडविले. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले ग्लास वर्क्स उभा राहिला. त्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला आणि गावालाही ओगलेवाडी हे नाव मिळाले.

लेखनाची मर्यादा :
या गौरवात संस्थापकाचे चरित्र ठळक होते. वस्तू मात्र अदृश्य राहते. भट्टीपुढे फुंकनळी धरणारा कारागीर, साच्यांची घडण, काचेचा रंग व जाडी यांची नोंद अभावानेच सापडते. याउलट अमेरिकेतील फेंटन कंपनीचे उदाहरण पाहावे. १९०५ मध्ये, म्हणजे वंगभंगाच्याच वर्षी, ती स्थापन झाली. तापलेल्या काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारून तिने इंद्रधनुषी झळाळीची स्वस्त भांडी बनविली. १९७० पासून या भांड्यांवर कंपनीची मुद्रा उमटू लागली. संग्राहकांनी नमुने व रंग यांच्या याद्या केल्या. २०११ मध्ये तेथील पारंपरिक काचनिर्मिती थांबली, तरी वस्तूंचा इतिहास टिकून राहिला. संग्राहकाची दृष्टी बाजारभावाकडे झुकते हे खरे. परंतु वस्तू निरखण्याची जी शिस्त तिने लावली, ती आपल्या अभ्यासात रुजली नाही.

वर्ध्याचा प्रश्न :
वर्धा जिल्ह्याने या चर्चेत वेगळाच मुद्दा मांडला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली मगनवाडी येथे वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' विकसित केला. कंदील देशी बनावटीचा असला, तरी त्यातील रॉकेल मोठ्या तेलकंपन्यांकडून येत असेल, तर त्या उजेडाला कितपत स्वदेशी म्हणावे? गावच्या घाणीचे तेल वापरले की दिव्याचा खर्च गावातच राहतो, ही त्यामागील भूमिका होती. तळेगाव व ओगलेवाडी यांनी स्वदेशीचा विचार वस्तूच्या निर्मितीपाशी केला. मगनवाडीने तो वस्तूच्या रोजच्या वापरापर्यंत नेला. अर्थात, मगनदीपाला 'प्रभाकर'सारखा व्यापक प्रसार लाभला नाही. म्हणून एकाला यशस्वी व दुसऱ्याला अयशस्वी ठरविणे सोपे असले, तरी ते अपुरे आहे. पहिल्याने बाजार जिंकला. दुसऱ्याने बाजारालाच प्रश्न विचारला.

निष्कर्ष :
वीज आल्यावर दोन्ही दिवे विझले. जुने कंदील व त्यांच्या काचा भंगारात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर पुरावाही नष्ट होत आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते खुले झालेले मगन संग्रहालय वर्धा येथेच आहे. साध्या वस्तूलाही विचाराचे साधन मानण्याची दृष्टी त्यामागे होती. इतिहास, अर्थशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन गावोगावच्या माळ्यांवरील काचवस्तूंची नोंद केल्यास स्वदेशीचा इतिहास गौरवाकडून परीक्षणाकडे वळेल. आजच्या महाविद्यालयीन संशोधनाकडून तेवढी अपेक्षा रास्त आहे.