मानधन की मजुरी? : हॉकीचा बुडालेला हंगाम आणि खेळाडूच्या श्रमाची भाषा

भंडारा जिल्ह्यात 'हंगाम' म्हटले की प्रथम धानाचा हंगाम आठवतो. रोवणी, निंदण, कापणी, चुरणी या क्रमाने तो सरतो आणि दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. हे दोन्ही हंगाम बुडू शकतात, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. पावसाने दगा दिला, तुडतुडा पडला तर पहिला बुडतो. २०२० मध्ये महामारीच्या निर्बंधांनी दुसराही मोडला. मात्र मजुरीच्या वादावरून एखादा हंगाम रद्द व्हावा, आणि तोही खेळाचा, ही कल्पना आपल्या क्रीडाविषयक मराठी लेखनात सहज बसत नाही. तेथे खेळाडू 'घाम गाळतो', 'रक्ताचे पाणी करतो'. परंतु या घामाचा दर काय, तो कोणी ठरवला आणि तो थकल्यास दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न त्या लेखनाच्या कक्षेबाहेर राहतात. श्रमाची सर्व रूपके स्वीकारून श्रमाचा व्यवहार तेवढा नाकारण्याची ही रीत तपासून पाहण्यासारखी आहे.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या बर्फावरील व्यावसायिक हॉकीच्या संघटनेने १६ फेब्रुवारी २००५ रोजी आपला २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. तीस संघांचे १,२३० नियोजित सामने झाले नाहीत. स्टॅन्ले चषक १९१९ नंतर प्रथमच कोणालाही देता आला नाही. १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आडवी आली होती, या वेळी वेतनाचा वाद आला. संघमालकांनी १६ सप्टेंबर २००४ पासून खेळाडूंसाठी दारे बंद केली होती. म्हणजे हा संप नव्हता, टाळेबंदी होती. (२०२० नंतर 'टाळेबंदी' या शब्दाचा मूळ अर्थ विस्मरणात गेल्यासारखा झाला आहे, कामगार कायद्यात तो मालकाने उगारावयाच्या हत्याराचा शब्द आहे.) मालकांना प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा हवी होती आणि खेळाडूंच्या संघटनेला ती मान्य नव्हती. जुलै २००५ मध्ये तडजोड झाली, तेव्हा पहिल्या वर्षासाठी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा लागू झाली, चालू करारांतील वेतन २४ टक्क्यांनी घटले आणि उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५४ टक्क्यांवर बांधला गेला.

हा खेळाडूंचा विजय नव्हता, हे उघड आहे. संघटना बलाढ्य होती, सदस्य लक्षाधीश होते, तरी मूळ मुद्द्यावर ते हरले. क्रीडागृहांतील तिकीटतपासनीस, सफाई कामगार, खाद्यपदार्थांचे विक्रेते यांचा हंगाम तर कोणत्याही वाटाघाटीविना बुडाला, कारण त्या मेजावर त्यांना खुर्चीच नव्हती. तेव्हा हे उदाहरण आदर्श म्हणून मांडण्यात अर्थ नाही. त्याचे महत्त्व निराळे आहे. तो वाद एका दस्तऐवजात संपला. कोणाचा वाटा किती, कोणत्या उत्पन्नातून आणि किती काळ, हे लिहिले गेले. पराभवदेखील कलमांनिशी नोंदला गेला.

या पार्श्वभूमीवर पुण्यात जानेवारी २०१० मध्ये जे घडले ते पाहावे. नवी दिल्लीतील विश्वचषक स्पर्धेला दोन महिनेही उरले नव्हते. भारतीय पुरुष हॉकी संघाचे शिबिर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात चालू होते. कर्णधार राजपाल सिंग याच्यासह शिबिरातील बावीस खेळाडूंनी थकलेली रक्कम मिळेपर्यंत सराव करण्यास नकार दिला. हॉकी इंडियाने प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले, ते त्यांनी नाकारले. १३ जानेवारीला प्रत्येकी साडेचार लाख रुपयांवर तोडगा निघाला आणि संघ मैदानात उतरला. भोपाळ येथील शिबिरातील महिला खेळाडूंनीही त्याच दिवसांत आपल्या थकबाकीचा प्रश्न मांडला. त्यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले, यात अनपेक्षित काही नव्हते. २८ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानवर ४-१ अशी मात केली. पुढे संघ आठव्या क्रमांकावर राहिला.

हा प्रसंग सहसा 'अखेर गोड झाला' अशा स्वरूपात सांगितला जातो. ते वाचन अपुरे आहे. बावीस खेळाडूंचा गुणिले साडेचार लाख हा हिशोब सुमारे एक कोटी रुपयांचा होतो. विश्वचषकाचे यजमानपद सांभाळणाऱ्या व्यवस्थेला एवढी रक्कम जड नव्हती. जड होते ते ती खेळाडूंच्या हक्काची आहे असे मान्य करणे. म्हणूनच रक्कम मिळाली, दर ठरला नाही. सामन्यामागे किती, शिबिराच्या दिवसामागे किती, दुखापतीच्या काळात काय, प्रायोजकाच्या पैशात खेळाडूचा वाटा कोणता, यांपैकी कशाचाही उलगडा साडेचार लाखांच्या आकड्यातून होत नाही. उत्तर अमेरिकेत हंगाम बुडाला आणि करार उरला. पुण्यात हंगाम वाचला आणि धनादेश उरला. भारतीय क्रीडाव्यवस्थेने वाद मिटवला की वादाची वेळ टळली, हा प्रश्न येथे विचारावा लागतो.

याच शहराच्या खडकी भागातील धनराज पिल्ले यांचा अनुभव बारा वर्षे आधीचा आहे. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले आणि त्यानंतर ते व आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर राहिले. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृत कारण होते. सामन्यांचे पैसे न मिळाल्याबद्दल आणि सुविधांच्या अभावाबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा, अशी सार्वत्रिक समजूत होती. पिल्ले यांचे बालपण दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत गेले; वडील तेथे मैदानाची निगा राखत. अशा कारखान्यातील कामगाराला वेतनश्रेणी असते, वार्षिक वाढ असते, निवृत्तीनंतरचे लाभ असतात आणि अन्याय झाल्यास युनियनचे दार असते. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना ज्यांच्या शेजारी आहे, त्या भंडाऱ्याच्या वाचकाला हे वेगळे समजावण्याचे कारण नाही. मैदान राखणारा कामगार ठरतो आणि त्याच मैदानावर देशासाठी खेळणारा मात्र विश्रांती 'दिला गेलेला' ठरतो, ही विसंगती मूलभूत आहे.

तिच्या मुळाशी एक शब्द आहे : मानधन. मान आधी आणि धन नंतर, अशी त्याची बांधणी. मजुरी मागता येते, मानधन स्वीकारावयाचे असते; मजुरी थकली तर ती थकबाकी, मानधन थकले तर ती दिरंगाई. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना या शब्दाचे वजन वेगळे सांगावयास नको. कायद्याचीही येथे पुरेशी साथ नव्हती. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीच्या, कुशल, तांत्रिक, लिपिकीय अशा कामांचा उल्लेख होता. गोव्यातून गेलेल्या सुंदरंबल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक त्या व्याख्येत बसत नाही, असे ठरवले. खेळाडूचे काम अंगमेहनतीचे आणि कुशल, दोन्ही आहे. पण त्याचे नाव तेथे नव्हते. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने श्रमिक पत्रकार आणि विक्रीवृद्धी कर्मचारी यांचा व्याख्येत नावानिशी समावेश केला, खेळाडूचा नाही.

याउलट विडी कामगारांचे पाहावे. भंडारा-गोंदिया पट्ट्यात घरी बसून तेंदूपत्त्याच्या विड्या वळणारी बाई आणि विडी कारखाना यांच्यामध्ये सट्टेदार असतो. मालकाचा चेहरा तिला दिसतही नाही. तरी १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी काम करणाऱ्यालाही कामगार म्हटले. तिचे दैन्य त्यामुळे संपले नाही. हजार विड्यांमागचा दर आणि छाट म्हणून बाजूला टाकलेल्या विड्या हे भांडण चालूच राहिले. परंतु ते दराचे भांडण आहे, कृपेचे नाही. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या उपदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थी वेतनच होय, असे म्हटले. शब्दाच्या पडद्याआड जाऊन व्यवहार पाहता येतो, याचा हा पुरावा आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. भारतीय हॉकीपटू बहुधा रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या किंवा विमानसेवा यांच्या नोकरीत असतो. त्याला वेतन मिळते, मग राष्ट्रीय संघटनेकडून मजुरीची अपेक्षा कशासाठी? मुंबईच्या गिरण्यांनी कबड्डीपटूंना याच पद्धतीने पोसले, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या तसे त्यांचे संघही ओसरले. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा रोख उलट दिशेने जातो. वेतन एक देतो, श्रम दुसरा वापरतो, आणि तिसरा, म्हणजे प्रायोजक, त्यावर आपले नाव छापतो. तिघांपैकी मालक कोण, हे अनिश्चित ठेवण्यातच व्यवस्थेची सोय आहे.

२०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत ही अनिश्चितता टोकाला गेली. भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस यांनी आठ संघांची ही व्यावसायिक स्पर्धा भरवली. हॉकी इंडियाची तिला मान्यता नव्हती, त्यामुळे खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाचे दार बंद होण्याची जोखीम होती. पुणे स्ट्रायकर्स संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबईच्या महिंद्रा मैदानावर शेर-ए-पंजाबकडून हरला. दुसरा हंगाम आधी पुढे ढकलला गेला, पुन्हा ढकलला गेला आणि झालाच नाही. पहिल्या हंगामाची रक्कम पूर्ण मिळाली नसल्याच्या तक्रारी खेळाडूंनी केल्या. येथे ना टाळेबंदी जाहीर झाली, ना संप, ना वाटाघाटी. रद्द झाल्याची तारीखही सांगता येऊ नये अशा रीतीने हंगाम विरून गेला.

बालेवाडीतील खेळाडू मैदानाबाहेर उभे राहू शकले याची दोन कारणे होती. विश्वचषक दारात होता, आणि त्यांच्यापैकी अनेकांना महिन्याचा पगार दुसऱ्या कोठून तरी मिळत होता. वर्ल्ड सीरिजच्या खेळाडूंपाशी यांपैकी पहिले कारण नव्हते, आणि नोकरी नसलेल्या तरुणांपाशी दुसरेही नव्हते.