लीलावतींतील क्षेत्रव्यवहार : मोजणीच्या दृष्टीनें परीक्षण

भास्कराचार्यांची लीलावती हा शके १०७२ (इ. स. ११५०) मधील सिद्धांतशिरोमणीचा पहिला भाग. या ग्रंथाचें कौतुक आजवर दोन अंगांनीं होत आलें आहे. रसिकांनीं त्यांतील भुंग्यांच्या व हंसांच्या उदाहरणांचें लालित्य वाखाणलें, तर गणितज्ञांनीं त्यांतील कुट्टक व अंकपाश यांचें मोल जाणलें. परंतु त्यांतील क्षेत्रव्यवहार नांवाचें प्रकरण ज्या व्यवहाराचें नांव सांगतें, त्या व्यवहाराच्या, म्हणजे जमीन मोजण्याच्या, कसोटीला तें कितपत उतरतें हा विचार फारसा होत नाहीं. ज्या संग्राहकांच्या पेटाऱ्यांत लीलावतीची एखादी पोथी असते, त्यांच्याच पेटाऱ्यांत मोजणीचे जुने कागद आणि इनामपत्रेंही पुष्कळदां असतात. पोथीच्या साह्यानें कागद कसे वाचावे, हें दाखविणें हा या परीक्षणाचा हेतु आहे.

आधीं परिभाषा पाहूं. चोवीस अंगुळांचा एक हात, दहा हातांचा एक वंश, आणि वीस वंशांच्या चार भुजांनीं बांधलेलें क्षेत्र तें एक निवर्तन, असें आचार्य सांगतात. वंश म्हणजे वेळू, अर्थात् मोजणीची काठीच. निवर्तन हें माप आपल्या देशांत फार जुनें आहे. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखांत २०० निवर्तनें शेत दिल्याचा उल्लेख आहे. शब्द तोच आहे म्हणून मापही तेंच होतें असें मात्र समजूं नये. लीलावतींतील हात १८ इंचांचा धरिला तर वंश १५ फुटांचा, निवर्तनाची बाजू ३०० फुटांची आणि क्षेत्र ९०,००० चौरस फूट, म्हणजे २ एकर अडीच गुंठ्यांहून किंचित् अधिक येतें. हेंच माप सातवाहनांच्या लेखाला लावण्यास वेगळा पुरावा पाहिजे.

या व्याख्येंत एक न्यून आहे, आणि तें दाखविण्याचें साधन खुद्द आचार्यांनींच आपल्या हातीं दिलें आहे. चार भुज सांगितले, पण कोन किंवा कर्ण सांगितला नाहीं. टीकाकार समकोन चौकोन गृहीत धरतात, व तें योग्यच आहे. परंतु शब्दांत तें नाहीं. आतां आचार्यांचेंच पुढील उदाहरण घ्या. चारही बाजू २५ असलेलें क्षेत्र आहे. एक कर्ण ३० घेतला तर दुसरा ४० येतो व क्षेत्रफळ ६०० होतें. एक कर्ण १४ घेतला तर दुसरा ४८ येतो व क्षेत्रफळ अवघें ३३६ उरतें. दोन्ही कर्ण सारखे असतील तर तें ६२५ होतें. बाजू त्याच, परिघ तोच १००, आणि फळांत मात्र जवळजवळ दुपटीचें अंतर! समोरासमोरचे दोन कोपरे आंत दाबले कीं त्यांमधला कर्ण आखडतो व दुसरा लांबतो, असें स्पष्टीकरणही आचार्य देतात. लाकडाच्या चार पट्ट्या टोंकांशीं खिळवून शाळेंतील मुलालाही हें दाखवितां येतें.

जमीनमोजणीच्या शास्त्राचा पाया तो हाच. तीन बाजूंनीं त्रिकोण बद्ध होतो. चार बाजूंनीं चौकोन बद्ध होत नाहीं. म्हणून मोजणीदारानें शेताचे त्रिकोण पाडावे, अथवा कर्ण किंवा लंब मोजावा. नुसतें बांधाबांधानें फिरून येऊं नये. कर्ण अगर लंब न सांगतां चौकोनाचें फळ विचारणारा पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच, असें कठोर वचन आचार्यांनीं योजिलें आहे. तें विनोदानें वाचण्याची रीत पडली आहे. माझ्या मतें तो विनोद नाहीं. ज्या गणितावर कोणाचें शेत कमी वा अधिक ठरतें, त्यांत झालेल्या हयगयीबद्दलचा तो संताप आहे.

याहून महत्त्वाचें उदाहरण दुसरें आहे. भू १४, मुख ९, भुज १३ व १२, आणि लंब १२. समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार करावा ही जुनी स्थूल रीत. तिनें साडेअकरा गुणिले साडेबारा, म्हणजे १४३॥। येतात. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें हीच रीत स्थूल म्हणून सांगून शेजारीं सूक्ष्म म्हणून दुसरी दिली : बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यांतून एकेक बाजू वजा करून त्या चार शेषांच्या गुणाकाराचें मूळ काढावें. तिनें १९,८०० चें मूळ, म्हणजे १४१ ला किंचित् कमी येतें. आणि लंब घेऊन केलेलें खरें फळ १३८ आहे. एकाच शेताचीं हीं तीन उत्तरें आहेत.

येथें आचार्यांच्या विरुद्ध एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ब्रह्मगुप्ताची रीत चौकोनाच्या बाबतींत अस्फुट आहे असें त्यांनीं म्हटलें. परंतु ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात, त्याच्या बाबतींत ती पूर्ण खरी आहे, हें सांगितलें नाहीं. दिलेल्या चार बाजूंत अधिकांत अधिक जेवढें क्षेत्र मावेल, तेवढें ती रीत देते. दोष रीतीचा नसून ती सर्वत्र लावणाराचा होता. पूर्वसूरीला जो न्याय मिळावयास हवा होता तो येथें मिळाला नाहीं.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या तीन आंकड्यांतून मिळणारा बोध वेगळाच आहे. सरासरीची स्थूल रीत केव्हांही कमी फळ देत नाहीं. शेत काटकोन चौकोनी असेल तर बरोबर, नाहीं तर नेहमीं अधिकच देते. वरील उदाहरणांत ही वाढ शेंकडा चारांहून थोडी अधिक आहे. तिरकस शेतांत ती पुष्कळच मोठी होईल. जेथें मोजणीदारानें ही रीत वापरली आणि बिघ्यावर सारा बसविला, तेथें चूक कधीं रयतेची तर कधीं सरकारची अशी वांटली जात नसे; ती एकाच पारड्यांत पडे. जुन्या कागदांत ‘जमीन कमी भरते’ अशी तक्रार आढळली, तर ती खोटी ठरविण्यापूर्वीं मोजणीची रीत कोणती होती हें शोधावें.

आतां त्याच उदाहरणाची आकृति निराळ्या बाजूनें पाहा. १२ लांबीची एक सरळ पायारेषा, तिच्या दोन्ही टोंकांवर ९ व १४ लांबीचे दोन लंब, आणि लंबांचीं टोंकें जोडणारा १३ लांबीचा तिरपा बांध. मुंबई इलाख्यांत इ. स. १८३६ पासून इंदापुराकडून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी नवी पाहणी चालविली, तिच्या परंपरेंतील शंकु-साखळीच्या मोजणीचा हाच घटक आहे. शेतांतून पायारेषा धरावी, शंकूनें काटकोन साधून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत लंब मोजावा, कडेचे त्रिकोण व मधले समलंब चौकोन वेगळे करावे आणि त्यांचीं फळें मिळवावीं. साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी औरसचौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. साधनें बदललीं, आज उपग्रहांवरून स्थान ठरवितात, तरी तेंही अंतरांवरूनच बांधलेलें असतें. त्या गणिताचें बीज आचार्यांनीं दिलें आहे. शेतांत लंब कसा साधावा, उतारावर काठी कशी धरावी, हें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. आणि मोजणीचा ग्रंथ म्हणून लीलावतींतील मोठी उणीव ती हीच.

व्यवहाराची ही बाजू पाहावयाची तर सभासदाच्या बखरीकडे वळावें लागतें. राजाराम महाराजांच्या काळीं जिंजी येथें लिहिलेल्या त्या बखरींत शिवछत्रपतींच्या मोजणीचें मान दिलें आहे : पांच हात पांच मुठींची काठी, हात चौदा तसूंचा, सारी काठी ब्यायशीं तसूंची, वीस काठ्या औरसचौरस तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. वीस गुणिले वीस ही रचना निवर्तनाचीच आहे, पण येथें ‘औरसचौरस’ हा शब्द आहे. आचार्यांच्या व्याख्येंत जें राहून गेलें तें बखरकारानें एका शब्दांत बांधून टाकलें.

तरीही या मानाचें एकरांत रूपांतर करणारांनीं जपून चालावें. हात १८ इंचांचा धरिला तर बिघा सुमारें २८ गुंठे व चावर ८५ एकर होतो. हात २० इंचांचा धरिला तर बिघा ३५ गुंठे व चावर १०५ एकर. हातांत दोन इंचांचा फरक, आणि चावरांत २० एकरांचा! काठी लांबीनें वाढते, जमीन तिच्या वर्गानें वाढते. यासाठीं कोणत्या काठीनें मोजलें हें कागदांत असेल तर तें आधीं नोंदवावें. नसेल तर आंकडा बिघ्यांतच ठेवावा.

शेवटीं पोथ्यांविषयीं. क्षेत्रव्यवहाराच्या पोथ्यांत आकृति प्रमाणांत नसतात. बाजूंवर आंकडे लिहिलेले असतात आणि अर्थ त्या आंकड्यांतच असतो. मोजणीदाराच्या टिपणाचेंही तसेंच आहे. म्हणून प्रत करतांना लेखकानें आकृति गाळली, किंवा आपण पाठभेद घेतांना ती शोभेची मानून सोडली, तर नुसता श्लोक उरतो आणि शेत हरवतें. गणेश दैवज्ञाची बुद्धिविलासिनी (शके १४६७) व लीलावतीविवरण यांसह मूळ ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १९३७ मध्यें छापिला आहे. तो समोर ठेवून प्रत्येक संग्राहकानें आपल्या पोथींतील आकृति, त्यांवरील आंकडे व समासांतील टिपा पडताळाव्या. एखाद्या समासांत गांवच्या काठीचें मान लिहून ठेवलेलें सांपडलें, तर त्या एका ओळीनें दप्तरांतले कित्येक कागद बोलूं लागतील.