भिंत आधी कोणी घातली?

नेटफ्लिक्सवर १४ जून २०१९ रोजी आलेल्या ‘लैला’ या सहा भागांच्या मालिकेवर भरपूर लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक एकाच शब्दाशी अडले : आर्यावर्त, म्हणजे मालिकेतले भविष्यातले हुकूमशाही राष्ट्र. झलक दिसताच प्रेक्षकांच्या एका गटाने मालिका हिंदुद्वेष्टी ठरवली, बहिष्काराची हाक दिली आणि आयएमडीबीवर एकेक ताऱ्याचा सडा घातला. दुसऱ्या बाजूच्या समीक्षकांनी तिला धाडसी म्हटले आणि लगेच ‘द हँडमेड्स टेल’ या मालिकेची फूटपट्टी लावली. शुद्धीकरणाचे केंद्र, गणवेशातल्या बायका, हिरावलेली मुलगी. साम्य उघड आहे, ते शोधायला समीक्षक लागत नाही. दोन्ही बाजूंनी मालिका कोड्यासारखी सोडवली. हा नेता म्हणजे कोण, ती घोषणा कुणाची? उत्तर जुळताच एकाने शिवी दिली, दुसऱ्याने टाळी.

मालिकेचे खरे बळ पाण्यात आहे. नायिका शालिनीच्या (हुमा कुरेशी) घरचा पोहण्याचा तलाव चोरट्या पाण्याने भरलेला असतो आणि घरावर हल्ला होतो त्याला निमित्तही पाण्याचेच. ही मालिका आली त्या जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले होते, मराठवाडा टँकरवर जगत होता. तरी आर्यावर्ताचा अर्थ लावणाऱ्यांना बादली दिसली नाही. ‘स्कायडोम’चेही तेच. श्रीमंतांच्या वस्तीवरचा हा थंडगार घुमट आपली उष्णता बाहेरच्या झोपड्यांवर ओकणार. गल्लीत गरम वारा सोडणाऱ्या घरोघरच्या एसीचेच हे अजस्र रूप. उर्मी जुवेकर यांची पटकथा अशा जागी अचूक आहे, कारण तिथे खलनायकाची गरजच पडत नाही.

पण खलनायकाविना घडणाऱ्या अन्यायाचा हाच धागा मालिका सोडून देते. प्रयाग अकबर यांच्या २०१७च्या मूळ कादंबरीत भिंती आधी रहिवासी घालतात. शेजारी आपल्यातलेच असावेत एवढीच त्यांची मागणी असते. सत्तेचा बडगा त्या मागणीच्या आधाराने येतो. मालिकेने या साऱ्याला आर्यावर्ताचे नेते डॉ. जोशी यांचा चेहरा दिला. चेहरा मिळाला की प्रेक्षक सुटतो : दोष जोशींचा, प्रेक्षकाच्या स्वतःच्या गृहनिर्माण संस्थेचा नाही. मालिकेच्या स्तुतिपाठकांनी नेमक्या या सवलतीलाच धाडस म्हटले. बहिष्कारवाले निदान चिडले तरी; स्तुतिपाठकांना तर काहीच बोचले नाही.

पुढे अशाच रोषापायी ‘तांडव’ या मालिकेच्या निर्मात्यांनी २०२१मध्ये माफी मागून दृश्ये कापली. दिवाकर बॅनर्जींचा ‘तीस’ हा चित्रपट नेटफ्लिक्सने तयार करून घेतला आणि प्रदर्शित केला नाही. त्याचाही एक भाग भविष्यातल्या दिल्लीत घडतो. निर्माते दहशतीखाली आहेत ही तक्रार रास्तच आहे. मात्र तिच्या आडून एक प्रश्न कायमचा टळला : भिंत आधी कोणी घातली? एकाच समाजापुरते सदस्यत्व राखणारा गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्येच, अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, वैध ठरवला होता. त्यासाठी कोणा आर्यावर्ताची वाट पाहावी लागली नाही. मुंबईत आडनाव आणि स्वयंपाकघर विचारून घर नाकारणाऱ्या इमारतींत ‘लैला’ मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर पाहिली गेली, आणि तिचे कौतुक लिहिणाऱ्यांपैकी कोणीही आपल्या फाटकाबद्दल एक ओळ लिहिल्याचे दिसत नाही.