क्विक हील आणि आंतरजालाचे व्यापारधोरण : एक चिकित्सा

प्रस्थापित संगणक कंपनीने आंतरजालाकडे केवळ नवे विक्रीकेंद्र म्हणून पाहावे काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून उभारलेली ‘क्विक हील’ या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. बंधू संजय यांनी घडविलेली तिची विषाणूरोधक प्रणाली १९९५ मध्ये बाजारात आली. २०१६ मध्ये कंपनी भांडवल बाजारात सूचिबद्ध झाली. हा विस्तार प्रामुख्याने गावोगावच्या विक्रेत्यांच्या बळावर झाला.

आंतरजालाने मात्र या रचनेचा पाया हलविला. प्रणाली थेट अद्ययावत होऊ लागली, नूतनीकरणही घरबसल्या शक्य झाले. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये तर असे संरक्षण मोफत अंतर्भूत होते. खोक्यात विकली जाणारी वस्तू अशा रीतीने सेवा बनली.

थेट विक्रीने मध्यस्थाचा खर्च वाचतो, हा युक्तिवाद अपुरा आहे. संगणक बंद पडल्यावर कराडचा व्यापारी संकेतस्थळाकडे नव्हे, ओळखीच्या दुकानदाराकडे जातो. म्हणून ऑनलाइन नूतनीकरणातही मूळ विक्रेत्याचा वाटा राखणे आणि त्याला सेवादाता म्हणून प्रशिक्षित करणे, हेच दूरदृष्टीचे धोरण होय. मोफत पर्यायासमोर कंपनीजवळ उरणारे खरे भांडवल म्हणजे हा विश्वास. तो गमावून केलेली बचत अंतिमतः तोट्याचीच ठरेल.