वैधव्यवेणी आणि मुंडन

विधवेच्या केशवपनाची रूढी बौद्ध भिक्खुणींच्या मुंडनावरून हिंदू समाजात आली, असा तर्क काही अभ्यासक मांडीत असतात. तो वरवर सयुक्तिक वाटतो, कारण डोके दोघींचेही मुंडलेलेच. परंतु बाणभट्टाचे 'हर्षचरित' सावकाश वाचले असता हा तर्क तोकडा पडतो, असे आमचे मत झाले आहे.

बाण हा सातव्या शतकातील, हर्षाच्या आश्रयाचा लेखक. त्या युगात डोके पाहून माणूस ओळखला जाई. शिखा ब्राह्मणाची, जटा तापसाची, केशलुंचन निर्ग्रंथाचे, मुंडन भिक्खूचे. आणि विधवेची खूण कोणती? बाणाच्या ग्रंथात 'वैधव्यवेणी' असा शब्द येतो. म्हणजे पती निवर्तल्यावर स्त्री साधी वेणी बांधीत असे. तिचे केस उतरवले जात नसत. मनु व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींतही विधवेच्या केशवपनाची आज्ञा नाही. म. म. पां. वा. काणे यांनीच याकडे लक्ष वेधले आहे.

आता आठव्या उच्छ्वासातील प्रसंग पाहावा. हर्षाची बहीण राज्यश्री विधवा झालेली. विंध्याटवीत ती अग्निप्रवेशास सिद्ध झाली आहे. बौद्ध आचार्य दिवाकरमित्र यांच्या साहाय्याने हर्ष तिला गाठतो. वाचल्यानंतर ती काषाय वस्त्रे धारण करण्याची अनुज्ञा मागते. काषायामागोमाग मुंडन ओघानेच आले. पण ते ती स्वतः मागते आहे! तिच्यावर ते कोणी लादलेले नाही.

भिक्खुणीची उपसंपदा तिला विचारल्यावाचून होत नाही, आणि संघ सोडून ती गृहस्थ जीवनात परतू शकते. याउलट स्कंदपुराणाचे काशीखंड सांगते की, विधवेची वेणी परलोकी पतीस बंधन होते. सबब तिने सदैव मुंडन करावे. येथे केस तिचे, पण हक्क मृत पतीचा. ज्यांनी भिक्खुणीचे अनुकरण केले म्हणावे, त्यांनी तिची इच्छा तेवढी वगळली. स्त्रियांच्या अवनतीस बुद्ध जबाबदार, या आरोपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली 'महाबोधी' मासिकात सविस्तर उत्तर दिले होते. केशवपनाचा हा तर्क त्याच आरोपाचे धाकटे भावंड होय.

तथापि आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. विनयातही स्त्रीच्या उपसंपदेस मातापित्यांची आणि पतीची अनुमती लागे. राज्यश्रीला तर पती उरला नव्हता, तरी अनुज्ञा मागावी लागली ती धाकटेपणामुळे भावाकडे. आणि हर्षाने ती दिली नाही. आपली प्रतिज्ञा पुरी झाल्यावर दोघे मिळून काषाय घेऊ, असे तो म्हणाला. दिवाकरमित्रांनीही ते मान्य केले. ह्युएन त्संगाचे चरित्र लिहिणारा हुइ-ली या बहिणीचा उल्लेख करतो तेव्हा ती संमितीय मताची जाणकार आहे, आणि राजाच्या मागे बसून धर्मचर्चा ऐकते आहे.