झेंडा दिला, पुस्तक काढून घेतलं

पुदोवकिनचा 'आई' हा रशियन मूकपट 1926 चा. आधार गॉर्कीच्या 1906-07 मधल्या कादंबरीचा, काळ 1905 च्या उठावाचा. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण यातली पहिली लढाई कारखान्याच्या फाटकावर होत नाही. ती एका खोलीत होते.

बाप दारुडा. दारूसाठी भिंतीवरचं घड्याळ काढायला जातो. आई आडवी येते, घड्याळ फुटतं आणि पोरगा पावेल हातोडा घेऊन बापासमोर उभा राहतो. पुढे झारचे भाडोत्री गुंड याच बापाला दारू पाजून संप फोडायला नेतात. पोरगा संपवाल्यांत. बाप त्या धुमश्चक्रीत मरतो. बाप मालकाचा कोण? कुणी नाय. तोही कामगारच.

मग पोलीस येतात. पावेलनं जमिनीच्या फळीखाली हत्यारं लपवलीत, हे आईला ठाऊक असतं. सांगितलं तर पोराला सोडतील, असा अधिकारी भरवसा देतो. ती फळी उचलून दाखवते. पोरगा सक्तमजुरीला जातो. कादंबरीत हे नाही. पटकथाकार झार्खी आणि पुदोवकिन यांनी ते घातलं, आणि अस्सल घातलं. ती फितूर नाही. तिला सरकारचा शब्द खरा वाटला, एवढंच. कोर्टात न्यायाधीश घोड्याचं चित्र काढत बसलेला दिसतो, तिथं त्या शब्दाची किंमत कळते.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

गॉर्कीची आई चाळिशीत अक्षरं गिरवते, वाचायला शिकते, पत्रकं वाटते. हळूहळू, चुकतमाकत, भीत भीत. पडद्यावरची आई तुरुंगात पोराला चिठ्ठी पोचवते आणि पुढे थेट मे दिनाच्या मोर्चात. नदीवरचा बर्फ फुटतो, पोरगा तिच्या मिठीत गोळी खाऊन पडतो, ती झेंडा उचलते, घोडेस्वार तिला तुडवतात. अंगावर काटा येतो, नाही कशाला म्हणू? पण बर्फ उन्हानं फुटतो. माणूस तसा आपोआप बदलत नाही. पुदोवकिननं बर्फ दाखवला आणि तिचं शिकणं गाळलं. हातात झेंडा दिला, पुस्तक काढून घेतलं.

मूकपटाला शब्द नसतात, हे कारण चालणार नाही. अक्षरावरून फिरणारं बोट दाखवायला आवाज लागत नाही. हाताच्या आणि डोळ्यांच्या जवळून घेतलेल्या दृश्यांत तर हा दिग्दर्शक वस्ताद!

मित्रांनो, चित्रपट बघाच. पण तुमच्या कथेत, नाटकात आई आली तर तिला नुसती मरायला पाठवू नका. आधी तिला कंदिलाजवळ बसवा. वाचू द्या.